आत किती?

१

भाड्याच्या घरात संसार करणाऱ्या बाईला स्वयंपाकाइतकीच आणखी एक विद्या यावी लागते. घरात पुरुष नसताना तो आहे, असं भासवायची. फरहाला ही विद्या झक्कास यायची. सिलीगुडीत अकरा वर्षांत तिनं पाच घरं बदलली आणि पाचही उंबऱ्यांबाहेर दहा नंबरचे मर्दानी बूट ठेवले. नवऱ्याचा, म्हणजे उमरचा, पाय आठ नंबरचा. पण आठ नंबरला भितंय कोण? दोरीवर एक ढगळा शर्ट वाळत घालायचा. दार वाजलं की रिकाम्या खोलीकडं तोंड करून "अजी, बघता का जरा?" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि मग आपणच जाऊन कडी काढायची. उमर कामावर असला की हे रोजचं. यात कुणाचं काही जात नव्हतं. सात वर्षांची जास्मिन तेवढी तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसायची.

उमर मूळचा जुन्नरचा. विशीतच मामाबरोबर तिकडं गेला आणि कोल्ड स्टोरेजच्या मशिनींचा मेकॅनिक झाला. मागं आईबाप गेले, घर गेलं, पण ओढ काही जाईना. दिवाळीनंतर इकडच्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं तेव्हा त्यानं विचारसुद्धा केला नाही. दोन गाड्या बदलून, अकरा खोकी आणि एक पोरगी सांभाळत तिघं तिसऱ्या दिवशी इथं उतरली. फरहा सोलापूरची, मराठी शाळेत शिकलेली. तिला भाषेची अडचण नव्हती. अडचण घराची होती. नारायणगावात दोन खोल्या पाहिल्या. दोन्ही ठिकाणी सगळं पसंत पडलं, मग नाव विचारलं, आणि खोली नेमकी आदल्याच दिवशी कुणीतरी घेतली होती.

पिंपळवंडीच्या शिवारातल्या गेणभाऊंनी नाव विचारलंच नाही. "मशिनीचं कळतंय ना तुमाला? मंग आमची विहिरीवरची मोटर बघत जा, झालं," एवढंच ते म्हणाले.

घर चांगलं होतं. मुलगा चाकणला राहायला गेला म्हणून रिकामं पडलेलं. एका ओळीत तीन खोल्या, वर स्लॅब, पुढं पडवी. मात्र पुढच्या पडवीला आणि मागच्या दाराला खालपासून स्लॅबपर्यंत लोखंडी जाळी ठोकलेली. तिन्ही बाजूंनी ऊस, आणि ऊस एवढा वाढलेला की खिडकीतून हिरव्याशिवाय दुसरा रंग दिसायचा नाही.

"बिबट्यासाठी हाय ती जाळी," गेणभाऊ म्हणाले. "आता उसात बिबट्या आला का बिबट्यात आमी ऊस लावला, ते आमालाच सांगता यायचं न्हाई."

उमर हसला. फरहानं जास्मिनचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

२

गेणभाऊंची बायको साळुबाई. त्यांचं घर उसापलीकडं, हाकेच्या अंतरावर. दिसायचं नाही, पण भांडी घासल्याचा आवाज यायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी फरहाला समोर बसवून इथली रीत सांगितली.

"दिवेलागणीला मी वट्यावरनं हाळी घालीन. आत किती, बाहेर किती, ते सांगायचं. मंग मी पल्याडच्या वस्तीवर प्रयागबाईला आकडा कळवती, ती फुडं कळवती. एक जरी माणूस कमी भरलं तरी अख्खं शिवार बॅटऱ्या आन फटाकं घिऊन उसात उतरतं."

"रोज?" फरहानं विचारलं.

"रोज. प्रयागबाईची नात गेली तवाधरनं. आजीला वाटलं पोर आईपशी हाय, आईला वाटलं आजीपशी. दोघी चुलीम्होरं बसून व्हत्या गं." साळुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "कुणी मोजलंच न्हाई."

 लग्नानंतर चार वर्षांनी झालेली एकुलती एक पोर फरहाची. बाकी दुनिया गेली चुलीत, ही पोर सुखरूप राहिली पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

उमरची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. दोन महिने सुट्टी मागायची नाही, असं ठरलेलं. म्हणजे रोजची संध्याकाळ या दोघींनी जाळीत काढायची. पहिल्या संध्याकाळी फरहानं जाळीला आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. उसात सळसळ चालू होती. वारा नव्हता, असं तिला वाटलं. पण नवख्या माणसाला उसातलं काय कळतंय? मग हाळी आली, लांब, खणखणीत.

"फरहाऽऽ! आत किती गंऽऽ?"

आणि फरहाची जुनी विद्या जागी झाली. दोघी आत, पुरुष रात्री दहापर्यंत बाहेर, हे असं ओरडून सांगायचं? उसात कोण कोण बसलं असेल! कोण ऐकत असेल! साळुबाईंनी ज्या भीतीपोटी ही रीत घातली ती भीती चार पायांची होती. फरहा अकरा वर्षं भ्यायली ती दोन पायांच्या जनावराला. तिनं जाळीला तोंड लावलं.

"तिघंऽऽ! तिघं आहोत आत!"

 मग, "तिसरं कोण गं?"

"माझे दीर! झीशान! आजच आले!"

"बरं झालं बाई, आधार झाला!" साळुबाई म्हणाल्या, आणि पलीकडं तोंड करून त्यांनी आकडा पुढं सारला. "नव्या बिऱ्हाडात तीऽऽन!" लांबून प्रयागबाईंनी तो घेतला, त्याच्याही पुढं कुणीतरी घेतला. फरहाची थाप अशी शिवारभर फिरून आली.

सकाळी चहा पिताना तिनं उमरला सांगितलं तर तो ठसकाच लागेपर्यंत हसला. "आयुष्यभर भाऊ मागितला, अब्बांनी काही दिला नाही. तू एका संध्याकाळीत दिलास! दिसायला कसा आहे? माझ्यापेक्षा देखणा नको हं."

"कसा का असेना," फरहा म्हणाली. "जाळीबाहेर बूट आहेत तेवढे पुरे."

३

पंधरा दिवस मजेत गेले. जास्मिनचं नाव गावच्या शाळेत घातलं. पोरगी घरी येऊन घोकायला लागली, बे एकं बे, बे दुणे चार. रोज दिवेलागणीला हाळी यायची, रोज फरहा "तिघं" म्हणायची. साळुबाई सकाळी भेटल्या की विचारायच्या, दीर जेवला का, झोप लागती का त्याला. फरहा म्हणायची, जेवले. झोपले. एका थापेला रोज थोडं थोडं खाऊपिऊ घालावं लागतं, हे तिला सिलीगुडीतही ठाऊक होतं.

मग एका सकाळी बुटांना चिखल दिसला.

पाटाचं पाणी सोडलं की होतो तसला काळा, ओला चिखल, तळव्याच्या खाचांमध्ये बसलेला. ते बूट कधी कुणी घातलेच नव्हते. सिलीगुडीच्या जुन्या बाजारातून आणले तसे होते. फरहानं ते धुऊन ठेवले. गेणभाऊंच्या कुठल्यातरी गड्यानं घातले असतील, पाणी द्यायला जाताना. गड्याचं काय, सापडेल ते पायात घालतो. दुसऱ्या दिवशी परत चिखल होता. तिसऱ्या दिवशी बूट जाळीच्या आत होते.

"तुम्ही आत घेतले का?" तिनं उमरला विचारलं.

"असेन घेतले. रात्री डोळे मिटायला आलेले असतात माझे," उमर म्हणाला.

हे पटण्यासारखं होतं, म्हणून तिनं पटवून घेतलं. दोरीवरचा ढगळा शर्ट दुपारी काढायला गेली तर काखेत ओला लागला. दव असेल. पण दुपारी दोन वाजता दव? आणि दवाला घामाचा वास येतो का? तिनं शर्ट परत बादलीत टाकला आणि हात साबणानं दोनदा धुतले.

पाचव्या दिवशी साळुबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. "तुजा दीर लई गरीब सोभावाचा दिसतोय गं. काल पाटापशी हुबा व्हता. मी हाक मारली, ए पावणं म्हनलं, तर वळला पन न्हाई. मानच खाली."

फरहाच्या हातात पोळपाट होता. "कुठं उभे होते?"

"ह्ये काय, तुज्या भिताडाला तोंड करून. लाजतोय जणू नव्या नवरीवानी."

फरहा हसली. काय करणार? आपणच लावलेलं झाड. म्हातारीला दिसायला कमी येत असेल, कुणा गड्याला पाहिलं असेल तिनं. असं मनाशी म्हणत फरहानं पोळ्या लाटल्या. हिशेबानं सात व्हायच्या, त्या तिनं नऊ लाटल्या, आणि जेवणं झाल्यावर दुरडीत एकही उरली नव्हती. उमर दोन जास्त खाऊन डबा घेऊन गेला असेल. नसेल कशावरून?

४

जास्मिन शाळेतून आली की मधल्या खोलीत खाटेवर बसून अभ्यास करायची. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, पडदा होता. एका संध्याकाळी फरहा पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होती. आत पोरगी बोलत होती. आधी फरहानं लक्ष दिलं नाही. लहान मुलं बोलतातच एकटी.

"नाही, असं नाही. बे त्रिक सहा. परत म्हण."

गप्प. मग जास्मिन पुन्हा म्हणाली, "हां, आता बरोबर."

फरहाचे हात सुपातच थांबले. ती उठून आत गेली. जास्मिन खाटेवर, पाठीमागं उशी, समोर वही. पडदा हलत नव्हता.

"कुणाशी बोलत होतीस?"

"चाचाशी," जास्मिन म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "त्याला पाढे येत नाहीत. काहीच येत नाही त्याला."

"जास्मिन, चाचा खोटा आहे. आपण गंमत करतो ना, सिलीगुडीला करायचो तशी. तुला माहीत आहे."

"हो," पोरगी म्हणाली. "तोपण तेच म्हणाला."

 खाटेवर लेकीशेजारी बसून फरहानं जमेल तितक्या शांत आवाजात विचारलं, "कसा दिसतो गं चाचा?"

"पाठमोरा." जास्मिननं पेन्सिल चावली. "मी म्हटलं तोंड दाखव, तर म्हणाला, अम्मीनं अजून सांगितलं नाही कसं ते."

त्या संध्याकाळी फरहानं जास्मिनला मांडीवर घेतलं आणि पुढच्या पडवीत बसून कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली, तीन वेळा. मग हाळी आली. तिनं तोंड उघडलं. दोघी म्हणावं, असं जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण दोघी म्हटलं की साळुबाई विचारणार, दीर कुठं? मग सगळं शिवार बॅटऱ्या घेऊन या उसात उतरणार, ज्याला आपण जन्माला घातलं त्याला शोधायला. आणि समजा सापडला तर?

"तिघं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की साळुबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

५

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, उमर विहिरीवर मोटर बघायला गेलेला असताना, फरहा साळुबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. आता खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच गेली होती.

"आजी, मी तुमच्याशी खोटं बोलले. मला दीर नाही. घरात दोघीच असतो आम्ही. एकटी बाई म्हणून भीती वाटली, म्हणून तसं सांगितलं."

साळुबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. फरहाकडं नीट पाहिलं. मग त्यांच्या सुरकुत्यांत हसू उतरलं.

"भांडलीस व्हय त्याच्याशी?"

"आजी, खरंच नाही तो!"

"आगं, दीर-भावजयीचं चालायचंच. माजा दीर तर चार वर्सं बोलत नव्हता माज्याशी, एका कोंबडीपायी. म्हनून काय माणूस न्हाई म्हनायचं?" साळुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "परवा आमची म्हैस सुटली व्हती. त्यानंच वळवून आणली. मुकाट दावं बांधलं आन गेला. ह्यांनी बी बघितलं. इचार."

गेणभाऊ कोपऱ्यात तंबाखू मळत होते. त्यांनी मान डोलावली. "कामाचा गडी हाय. बोलत न्हाई तेवढंच."

फरहाला रडू फुटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. खोटं बोलली तेव्हा एका हाकेत सगळ्या शिवारानं खरं मानलं. आता खरं सांगतेय तर भावजयीचा रुसवा. साळुबाई तिला पाणी देत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, नव्या जागी असं होतं पोरी, माणूस घाबरं होतं.

घरी आल्यावर तिनं उमरला धरलं. "मला इथं राहायचं नाही. पत्र्याची खोली चालेल, पण गावात बघा."

"इतकं काय झालंय?"

"मला उसाची भीती वाटते," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती? ज्याला तिनं दीर झाल्याचं हसत हसत सांगितलं होतं, त्यालाच आता तो दीर खरा आहे म्हणून सांगायचं?

उमर कधी नव्हे ते लगेच तयार झाला. तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं नाही, आनंदच झाला. आठ दिवसांत त्यानं नारायणगावात एका कामगाराच्या ओळखीनं दोन खोल्या पाहिल्या. तिसऱ्या मजल्यावर, खाली बेकरी, समोर रस्ता, दिवसभर गाड्या. टेम्पो सांगितला. सोमवारी सकाळी सात वाजता.

६

रविवारची संध्याकाळ. अकरा खोकी पुन्हा बांधून पडवीत रचलेली. उमर पाळीवर. पुढच्या जाळीला कुलूप, मागच्या जाळीला कुलूप, दोन्ही किल्ल्या फरहाच्या कमरेला. मधल्या खोलीत जास्मिन मोठ्यानं पाढा म्हणत होती. बूट आणि शर्ट फरहानं दुपारीच गेणभाऊंच्या उकिरड्यावर नेऊन टाकले होते. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. उद्या या वेळेला खाली बेकरीचा वास येत असेल.

"फरहाऽऽ! आत किती गंऽऽ?"

जाता जाता तोंडात खोटं कशाला? एकदा तरी या शिवाराला खरा आकडा देऊन जावं. ती जाळीपाशी गेली आणि मोकळ्या गळ्यानं ओरडली.

"दोन! दोनच आत! दीर गेले परत!"

साळुबाईंनी उलट हाळी घातली. "परत गेला? न सांगता?"

"हो! गेले! आता दोनच!"

"बरं बाई." आणि मग पलीकडं, "नव्या बिऱ्हाडात दोऽऽन!" प्रयागबाईंनी घेतला. पुढं गेला. आकडा उसावरनं लांब लांब जात विरला.

फरहानं श्वास सोडला. मग तिच्या ध्यानात आलं की आतला पाढा थांबलाय.

"बे दुणे चार," एवढ्यावर थांबला होता.

"जास्मिन?"

ती आत गेली. खाटेवर वही उघडी होती. पेन्सिल वहीवरून घरंगळत खाली पडली, तिच्या डोळ्यांदेखत. उशीला पाठीचा खळगा होता. तिनं खाटेखाली पाहिलं. खोक्यांमागं पाहिलं. न्हाणीत पाहिलं. "जास्मिन, मस्करी नको हं," म्हणत मागच्या दाराशी जाऊन जाळी हलवली. कुलूप जसंच्या तसं. पुढं आली. पुढचंही जसंच्या तसं. तीन खोल्या, एक न्हाणी, एक मागचं दार. लपायला आहे काय त्या घरात?

"जास्मिऽऽन!"

आणि तिला ओ आली. ती घरातून आली नाही.

"बे त्रिक सहा."

उसातून. बऱ्याच आतून. बारीक, नेहमीच्याच सुरात, घाबरलेलीही नाही. पोरगी पाढा म्हणतच चालली होती, आणि प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा थोडा लांबून येत होता. बाहेर उजेड पार विटला होता. पाचट वाजत होतं, एका रेषेत, कुणीतरी वाट काढत जावं तसं.

फरहा किंचाळली. कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली, किल्ली फिरेना. दुसरी घातली. तीही फिरेना. रोज फिरणाऱ्या किल्ल्या त्या. तिनं जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, कपाळ आपटलं. मदतीला मागं वळली, कुणाच्या मदतीला ते देवाला ठाऊक, आणि तेव्हा तिला मधल्या खोलीतून पलीकडचा पडदा दिसला.

पडद्याखाली दोन पावलं होती. पुरुषाची, अनवाणी, मोठी. टाचा तिच्याकडं. स्वयंपाकघराच्या भिंतीकडं तोंड करून कुणीतरी उभं होतं, शिक्षा केलेल्या मुलासारखं, अगदी स्थिर.

दोन आत, असं तिनं सांगितलं होतं. दोनच होती.

कधी कधी माणसाला जे कळू नये ते पुरतं कळतं, आणि विचार करायला वेळ नसतो. फरहा जाळीकडं वळली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली.

"आजीऽऽ! चुकलं! तिघं! तिघं आहोत आत!"

"आं?" साळुबाईंचा आवाज आला. "आगं, आकडा पल्याड गेलाय. नीट सांग. दोन का तीन?"

"तीन! मी, जास्मिन आणि झीशान! तो आत आहे! घरातच आहे! कुठं गेलेला नाही! तीन सांगा आजी, तुमच्या पाया पडते, लवकर सांगा, तीन!"

"सांगती, सांगती. आरडू नगं." आणि मग, किती सावकाश, किती निवांत, "प्रयागबाईऽऽ, नव्या बिऱ्हाडात तीऽऽन!"

लांबून उत्तर आलं. "तीऽऽन!"

आणखी लांबून, पुढच्या वस्तीवरून, "तीऽऽन!"

पाचट वाजायचं थांबलं.

"बे चोक आठ," जास्मिन म्हणाली.

ती खाटेवर बसली होती, उशीला पाठ लावून. मांडीवर वही. "अम्मी, का ओरडतेस? मी म्हणतेय ना पाढा." तिच्या केसांत वाळकं पाचट होतं, आणि नडग्यांवर उसाचं पान कापतं तशा बारीक लाल रेघा, ताज्या.

फरहानं पोरीला उचलून छातीशी असं दाबलं की ती रडायलाच लागली. फरहाही रडत होती. पण पडदा समोरच होता, आणि नजर खाली गेलीच.

पावलं वळली होती. आता बोटं तिच्याकडं होती.

पडद्याला बाजूनं फट होती. तिनं नजर घोट्यांच्या वर नेली नाही. जास्मिनचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि अशीच पाठ न करता, एक एक पाऊल मागं सरकत, ती पुढच्या पडवीत येऊन खोक्यांना टेकून बसली.

७

सकाळी सात वाजता टेम्पो आला आणि फरहानं तो परत पाठवला.

उमर संतापला. बोलून बोलून दमला. "तूच मागं लागली होतीस ना? आता काय झालं? तोंडानं सांग तरी!" फरहा एकच म्हणत राहिली, आपण इथंच राहायचं. तिनं रात्रभर विचार केला होता. नारायणगावात तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी कोण हाक मारणार होतं? कोण विचारणार होतं, आत किती म्हणून? आणि कुणी विचारलंच नाही, कुणी सांगितलंच नाही, तर जास्मिन आत आहे हे ठरायचं कसं? इथं निदान रोज एकदा तीन म्हणता येत होतं. रोज एकदा पोर घरात असल्याची खात्री होत होती. ज्याच्यापायी जीव चालला त्याच्याच आधारानं आता राहायचं होतं.

तिनं खोकी सोडली, भांडी मांडली. बूट उकिरड्यावरून आणायला गेली तर ते तिथं नव्हते. ते पडवीत होते.

पुढच्या आठवड्यात उमरची पाळी बदलली. सकाळी सहा ते दुपारी दोन. त्यानं खुशीनं सांगितलं, आणि फरहा बोटांवर मोजायला लागली. आता संध्याकाळी तो घरी असणार. म्हणजे आकडा बदलणार, आणि उमर तर सरळ माणूस. घरात दिसतील तेवढी मोजील. मी, तू, पोरगी. तिघं म्हणेल. मग त्या तिघांत कोण कोण असेल?

दिवसभर तिनं घोकलं की हाळी येण्याआधी आपण जाळीपाशी असायचं. पण दिवेलागणीला नेमकी कणीक मळत होती, हात भरलेले, आणि साळुबाईंनी त्या दिवशी जरा लवकरच हाक घातली.

"फरहाऽऽ! आत किती गंऽऽ?"

ती तशीच धावली. मधली खोली ओलांडून पडवीत आली तर उमर आधीच जाळीपाशी होता. एका हातानं जाळी धरलेली. दुसऱ्या हातात जास्मिनचं मनगट. "थांबा," असं म्हणायला तिनं कणकेचा हात पुढं केला.

उमरनं तोंड उघडलं, मिटलं. ओठांवरून जीभ फिरवली.

"चौघं!" तो ओरडला. "चौघं आहोत, आजी! सगळे आत!"

"चाऽऽर!" साळुबाईंनी पुढं सांगितलं.

फरहा कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली. उमरला कधीपासून ठाऊक होतं, हे तिनं विचारलं नाही. बुटांना चिखल दिसला तेव्हापासून असेल, बूट आपण आत घेतले नव्हते हे त्याला कळलं तेव्हापासून असेल. तो तिच्याकडं बघत नव्हता. आतल्या खोलीकडंही बघत नव्हता. पोरीचं मनगट त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की ती "अब्बू, दुखतंय" म्हणाली, तरी त्यानं सोडलं नाही. लांबच्या वस्तीवरनं आकडा परत येईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही.